जुनी बासरी दुरुस्त करताना तेल सगळ्यात शेवटी

सेकंडहँड बासरी घरी आली की बहुतेक जण सगळ्यात आधी तिला तेल पाजतात. आठवड्याभराने बारीक तडा दिसतो. त्यात फेविक्विक सोडलं तरी ते धरत नाही, कारण तेल मुरलेल्या बांबूला कुठलाच गोंद नीट चिकटत नाही. मग वरून दोरा आवळला जातो, दोऱ्याखालून हवा जातच राहते आणि शेवटी "बासरीच खराब निघाली" म्हणून ती माळ्यावर पडते. अशा बऱ्याच बासऱ्या चांगल्या असतात, फक्त कामाचा क्रम चुकलेला असतो.

क्रम असा ठेवा: विसावा, साफसफाई, गळती, तडा, दोरा, बूच, सूर आणि मग तेल. यातली एक पायरी जरी मागेपुढे केली तरी आधीचं काम पुन्हा करावं लागतं.

इथे मुख्यतः बांबूच्या सहा भोकांच्या आडव्या बासरीचा विचार केला आहे. लेथवर काढलेल्या शिसवी किंवा सागवानी बासरीलाही हाच क्रम लागू आहे. तिच्यात जिथे फरक पडतो, तिथे तसं सांगितलं आहे.

आधी आपल्या हवेबद्दल

बांबू सुकताना रुंदीत जास्त आकसतो, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून तडा नेहमी उभा, लांबीच्या दिशेने जातो. बेळगाव भागात हवेचा फरक फार मोठा आहे. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर सगळं ओलं असतं, तर अथणी-रायबागकडे फेब्रुवारीपासून वारा कोरडा होत जातो. एकाच जिल्ह्यातली बासरी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेली तरी तडकू शकते.

यातून खरेदीची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पावसाळ्यात बांबू फुगतो आणि जुना तडा मिटून जातो. ऑगस्टमध्ये धडधाकट वाटलेल्या बासरीचा तोच तडा मार्चमध्ये पुन्हा उघडतो. जमलं तर जुनी बासरी उन्हाळ्यात बघून घ्या. पावसाळ्यातच घ्यावी लागली, तर अंधाऱ्या खोलीत उघड्या टोकातून छोटा टॉर्च आत सोडून ती सावकाश फिरवत बघा. तड्याच्या जागी उजेडाची रेघ दिसते. रेघ दिसली नाही तरी नखाने आडवं खरवडून बघा, मिटलेल्या तड्यावर नख अडखळतं.

सामान

- बासरीच्या आतल्या व्यासापेक्षा ५ मिमी बारीक आणि बासरीपेक्षा हातभर लांब अशी सरळ लाकडी काठी. तिचं टोक सपाट हवं, टोकदार नको
- जुना, धुतलेला, धागे न सुटणारा सुती कपडा
- औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट
- पातळ फेविक्विक आणि दोन ट्यूबवालं सावकाश वाळणारं अराल्डाइट
- १२०, २२०, ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर
- सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर रुंद पट्ट्या
- मोची वापरतात तसा, साधारण अर्धा मिमी जाडीचा नायलॉन दोरा
- मधाच्या पोळ्याचं मेण, सुपारीएवढं
- सेलोटेप, दाढीचं ब्लेड, दुधाची रिकामी पिशवी
- मोबाइलवरचं ट्यूनर ॲप

पतंगाचा मांजा दोरा म्हणून वापरू नका. त्यातली काच बांबूची साल कापते.

१. विसावा आणि पाहणी

बासरी आणल्यावर किमान सात दिवस खोलीत आडवी ठेवा. पंख्याखाली नको, उन्हात नको, चुलीजवळ तर नकोच. या काळात ती वाजवू नका. फुंकरीची ओल आत गेली की आतला भाग फुगतो, बाहेरची कडक साल मात्र जागची हलत नाही आणि त्या ताणाने अर्धवट तडा पूर्ण होतो.

या आठवड्यात तीन गोष्टी बघून कागदावर लिहून ठेवा.

पहिली, कीड. बासरी पांढऱ्या कागदावर ठेवा. दोन-तीन दिवसांनी खाली पिठासारखी भुकटी पडलेली दिसली आणि अंगावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असली, तर आत जिवंत कीड आहे. अशी बासरी परत करा. ती घरातल्या दुसऱ्या बासऱ्यांजवळ ठेवू नका. भोकं आहेत पण भुकटी पडत नाही, तर कीड जुनी आहे. ती भोकं नंतर मेणाने बुजवता येतात.

दुसरी, मुखरंध्राची कड. फुंकर या कडेवर फुटते आणि तिथूनच आवाज तयार होतो. कड गोलसर झिजलेली किंवा टवका उडालेली असेल तर सुरात हवेचा खसखस आवाज कायम राहतो. त्यावर घरगुती इलाज नाही. तडा मुखरंध्रातूनच गेला असेल तरीही तेच. अशा बासरीवर पैसे घालू नयेत, हे आमचं स्पष्ट मत.

तिसरी, पट्टी. ही मात्र सात दिवस पूर्ण झाल्यावरच बघा. वरची तीन भोकं बंद करून मध्य सप्तकातला सा थोडा वेळ फुंका आणि ट्यूनरवर बघा. पांढरी ३ (म्हणजे सा हार्मोनियमच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीवर, E वर) म्हणून विकलेली बासरी पांढरी २ च्या जवळ बोलत असेल, तर ती दुरुस्तीने पांढरी ३ होणार नाही.

२. साफसफाई

बासरी पाण्यात बुडवू नका, नळाखाली धरू नका. पाणी आतल्या मऊ भागात मुरतं आणि वाळताना बांबू फाटतो.

काठीच्या टोकाला कपडा गुंडाळून दोऱ्याने घट्ट बांधा. आधी कोरड्यानेच चार-पाच वेळा आतून पुसा. पहिल्या कपड्यावर बहुतेक वेळा काळपट चिकटा निघतो. ते जुनं तेल आणि थुंकीचा थर असतो. मग दुसऱ्या कपड्यावर स्पिरिटचे दहा-बारा थेंब घेऊन आतून फिरवा. बुरशीचा वास असेल तर एक दिवस सोडून पुन्हा करा. कपडा ओला हवा, पण पिळला तर थेंब पडता कामा नये.

बाहेरून स्पिरिट लावू नका. बऱ्याच बासऱ्यांवर लाखेचं पॉलिश असतं आणि ते स्पिरिटमध्ये विरघळतं. बाहेरून किंचित दमट कपडा आणि लगेच कोरडा कपडा, एवढं पुरे. भोकांच्या कडांवरचा मळ लाकडी टूथपिकने काढा. सुई, खिळा, चाकूचं टोक यांतलं काहीही कडेला लावू नका.

यानंतर २४ तास थांबा.

३. गळती शोधणं

डोळ्यांना दिसणारा प्रत्येक तडा गळत नाही आणि गळणारा प्रत्येक तडा दिसत नाही. म्हणून आधी तपासा, मगच गोंद उघडा.

सुरांची सगळी भोकं सेलोटेपने बंद करा. खालच्या टोकाजवळ जादा भोकं असतील तर तीही. उघड्या टोकावर तळहात घट्ट दाबा. मुखरंध्र स्पिरिटने पुसून वाळू द्या, त्यावर ओठ पूर्ण टेकवून हवा हळूच ओढा. जीभ भोकाकडे खेचली जाऊन तीन-चार सेकंद तशीच धरली गेली तर बासरी हवाबंद आहे. ओढ लगेच सुटली तर कुठेतरी गळती आहे.

आता संशयित तड्यावर सेलोटेप लावून पुन्हा ओढा. ओढ टिकली तर जागा सापडली. नाही टिकली तर मुखरंध्राकडचं टोक बंद करणाऱ्या बुचाच्या कडेला बाहेरून मेण चोळून पुन्हा बघा. बूच गळत असेल तर पायरी ४ आणि ५ सोडून सरळ ६ वर जा.

तपासणी: दोन वेळा ओढून दोन्ही वेळा सारखाच निकाल आला पाहिजे. तळहात नीट बसला नाही की खोटी गळती दिसते.

४. तडा भरणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून घाई नको.

*आधी रुंदी ठरवा.* दाढीच्या ब्लेडची जाडी साधारण ०.१ मिमी असते. ब्लेड तड्यावर नुसतं टेकवा, दाबू नका. आत जात नसेल तर पातळ फेविक्विक. सहज जात असेल तर अराल्डाइट. साधा पांढरा फेविकॉल वापरू नका. फुंकरीच्या ओलीने तो मऊ पडतो.

*मग तेल काढा.* आधीच्या मालकाने तेल दिलेलंच असणार, असं धरून चाला. तड्याच्या दोन्ही बाजूंना २ मिमी सोडून सेलोटेप लावा. बारीक ब्रशने तड्यात स्पिरिट भरा, कपड्याने टिपा. असं तीन वेळा करा. तिसऱ्या वेळी कपड्यावर पिवळट डाग उमटता कामा नये. मग पुन्हा २४ तास.

*आतून आधार द्या.* दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक काठीला गुंडाळून तड्याच्या खाली येईल असं आत सरकवा. त्या प्लास्टिकला ना फेविक्विक धरतं ना अराल्डाइट, त्यामुळे आत ओघळलेला गोंद गुळगुळीत बसतो आणि काठी सुटून येते. हे केलं नाही तर आत गोंदाचा थेंब लटकून वाळतो आणि एखादा सूर कायमचा घोगरा होतो.

*केसासारखा तडा असेल तर:* तडा वर येईल अशी बासरी आडवी धरा. टूथपिकच्या टोकावर फेविक्विकचा एक थेंब घेऊन तड्याच्या एका टोकाला टेकवा. तो आपोआप आत ओढला जातो. बोटभर अंतरावर पुढचा थेंब. मग तड्याच्या थोडं अलीकडे आणि पलीकडे ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळा. प्रत्यक्ष गोंदावर पट्टी येऊ देऊ नका.

*रुंद तडा असेल तर:* बांबूच्या तुकड्यावर १२० नंबरचा पेपर घासून भुकटी करा. अराल्डाइटच्या दोन्ही ट्यूब सारख्या प्रमाणात, वाटाण्याएवढ्या घ्या, दोन मिनिटं मिसळा, मग भुकटी घालून श्रीखंडाइतकं दाट करा. तड्यात दाबून भरा आणि पट्ट्या आवळा. तडा पूर्ण मिटवायचा हट्ट धरू नका. जोराने मिटवलेला बांबू दुसऱ्या बाजूला फुटतो.

दोन्ही प्रकारांत २४ तास, आणि डिसेंबर-जानेवारीत अराल्डाइटला ४८ तास द्या. थंडीत ते सावकाश घट्ट होतं.

वर उरलेला गोंद आधी ४०० आणि मग ६०० नंबरने काढा. सेलोटेप अजून लावलेलीच ठेवा, म्हणजे साल घासली जाणार नाही. साल गेली की त्या जागेवरून ओल आत शिरते.

सावध: फेविक्विक सुती कपड्याने किंवा कापसाने पुसू नका. सुतावर ते झपाट्याने वाळतं आणि हात भाजेल इतकं तापतं. सांडलं तर कागदाने टिपा.

५. दोरा बांधणं

गोंद तडा बंद करतो, तडा पुढे जाऊ न देण्याचं काम दोऱ्याचं. म्हणून दोरा शोभेसाठी कुठेही बांधून उपयोग नाही. तड्याच्या दोन्ही टोकांच्या पलीकडे ५ ते १० मिमीवर एकेक पट्टा हवाच. तडा लांब असेल तर मध्ये दर ३ सेंमीवर एक. तडा सुराच्या भोकातून गेला असेल तर भोकाच्या दोन्ही अंगांना पट्टा, पण कडेपासून ४ मिमी लांब, नाहीतर बोट दोऱ्यावर चढतं आणि भोक नीट झाकत नाही.

दोरा किती लागेल त्याचा हिशेब आधी करा. बाहेरचा व्यास २६ मिमी असेल तर एक वेढा साधारण ८२ मिमीचा. वीस वेढ्यांचा पट्टा १ सेंमी रुंद होतो आणि त्याला १ मीटर ६५ सेंमी दोरा लागतो. ओढायला धरून दोन मीटर कापा.

अ) दोऱ्याचं एक टोक दुमडून १० सेंमीचा फासा करा आणि तो बासरीच्या लांबीच्या दिशेने अंगावर ठेवा. फाशाचा बाक उजवीकडे, दोऱ्याचं सुटं टोक डावीकडे बाहेर राहू द्या.

आ) डावीकडून सुरुवात करून फाशावरून वेढे घ्या. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला चिकटून. दोरा हातात स्थिर ठेवून बासरी फिरवा, म्हणजे ताण सारखा राहतो.

इ) वीस वेढे झाले की उरलेलं टोक फाशाच्या बाकातून ओवा.

ई) डावीकडचं सुटं टोक सावकाश ओढा. फासा आत सरकतो आणि दुसरं टोक वेढ्यांच्या खाली ओढून नेतो. ते पट्ट्याच्या मधोमध पोचलं की थांबा. पुढे ओढलं तर सगळं उलगडतं.

उ) दोन्ही टोकं ब्लेडने पट्ट्याच्या कडेला कापा. पट्ट्यावर चारी बाजूंनी फेविक्विकचे चार-पाच थेंब देऊन मुरू द्या.

तपासणी: पट्टा अंगठ्याने लांबीच्या दिशेने ढकला. किंचितही सरकला तर कापून नवा बांधा. सैल पट्टा ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

यानंतर पायरी ३ ची गळतीची परीक्षा पुन्हा घ्या.

६. बूच

बूच काढायचं ते उघड्या टोकातून काठी आत घालून, बाहेरच्या दिशेने ढकलून. बाटलीच्या बुचासारखा स्क्रू घालून ओढलं तर टोक फुटतं. बासरीचं वरचं टोक बांबूच्या पेरानेच बंद असेल तर तिथे बूच नसतं. तिला हात लावू नका.

जुनं बूच कडक झालेलं असेल तर नवं घाला. खरं, झाडाच्या सालीचं बूच हवं, प्लास्टिकचं किंवा थर्माकोलचं नको. १२० आणि मग २२० नंबरच्या पेपरवर फिरवून ते आतल्या व्यासापेक्षा केसभर जाड राहील इतपत घासा. बांबू आतून अचूक गोल नसतो, म्हणून बूचही त्या आकाराचं करावं लागतं. कडेला मेण चोळून काठीने आत बसवा. फार घट्ट बसवलं तर टोकाला तडा जातो. अंगठ्याच्या जोराने सरकेल इतकंच घट्ट ठेवा.

जागा कुठली? बुचाच्या आतल्या तोंडापासून मुखरंध्राच्या मध्यापर्यंतचं अंतर साधारण बासरीच्या आतल्या व्यासाएवढं ठेवून सुरुवात करा. आतला व्यास २० मिमी, तर अंतर २० मिमी. काठीवर पेन्सिलने खूण केली की मोजणं सोपं जातं.

मग मध्य सा आणि तार सा फुंकून जुळवा. तार सा उतरलेला असेल तर बूच मुखरंध्राकडे ढकला. चढलेला असेल तर दूर न्या. एका वेळी फक्त १ मिमी.

७. सूर

भोकं घासण्याआधी दोनदा विचार करा. घासलेला बांबू परत येत नाही.

हवा एक अंशाने तापली की बासरी साधारण ३ सेंटने चढते, आणि दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं (काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून) अंतर १०० सेंट असतं. जानेवारीतल्या पहाटेची बासरी आणि एप्रिलमधल्या दुपारची बासरी सारखी बोलणारच नाही. म्हणून पाच मिनिटं वाजवून गरम केल्यावरच मोजा, आणि दोन वेगळ्या दिवशी मोजा. १० सेंटपर्यंतचा फरक फुंकरीने सांभाळता येतो. तो दुरुस्त करायला जाऊ नका.

सगळी भोकं बंद करून निघणाऱ्या मंद्र पंचमापासून सुरुवात करा आणि खालच्या भोकाकडून वर या. खालचं भोक बदललं की वरच्यांवर थोडा परिणाम होतो, म्हणून हीच दिशा.

सूर चढलेला असेल तर भोकाच्या मुखरंध्राकडच्या कडेला आतून मेणाची बारीक वात लावा. दोन-तीन दिवस वाजवून बघा. बरोबर वाटलं तर मेण पूर्ण काढा, स्पिरिटने पुसा आणि तिथे बांबूची भुकटी व अराल्डाइट भरा. सूर उतरलेला असेल तर पेन्सिलीला गुंडाळलेल्या २२० नंबरच्या पेपरने मुखरंध्राकडची कड चार-पाच वेळा घासा आणि लगेच मोजा. मुखरंध्राला मात्र हात लावू नका.

सगळेच सूर सारखेच उतरलेले असतील तर दोष भोकांत नसतो. बूच, गळती किंवा फुंकण्याची पद्धत तपासा.

८. आता तेल

खोबरेल नको. ते साधारण २४ अंशांखाली थिजतं आणि बेळगावच्या थंडीत बाटलीत थिजतं तसंच बासरीतही थिजतं. शेंगदाणा आणि सूर्यफूल कालांतराने चिकट होतात. जवसाचं कच्चं तेल किंवा गोडं बदाम तेल घ्या. जवस वाळून कोरडा थर देतं, म्हणून दुरुस्त केलेल्या बासरीला पहिला पसंतीचा पर्याय तोच.

३० इंची बासरीला दहा थेंब पुरतात. काठीवरच्या कपड्यावर घेऊन आतून सारखं फिरवा. गरम तेल ओतून दोन्ही टोकं बंद करून ठेवण्याची पद्धत सोडून द्या. त्याने बूच ढिलं होतं आणि गोंदाची पकड सुटते. बासरी आडवी ठेवा, बुचाचं टोक खाली करून उभी ठेवू नका. १२ तासांनी कोरड्या कपड्याने उरलेलं तेल पुसा. मुखरंध्राची कड स्वच्छ पुसा. आठवड्याच्या अंतराने असे तीन हात द्या. शिसवी-सागवानी बासरीला चौथा हात लागतो. तिच्या सांध्यावर तेल नको, मेण लावा.

सावध: जवसाच्या तेलाचा कपडा चुरगळून डब्यात टाकू नका. तो वाळताना आपोआप तापतो आणि पेट घेऊ शकतो. दोरीवर पसरून पूर्ण वाळू द्या, मग टाका.

९. वर्षभराची निगा

वाजवून झाल्यावर आतून कोरडा कपडा फिरवायचाच, रोज. पिशवी सुती असावी. पीव्हीसी पाइपमध्ये ठेवत असाल तर दोन्ही टोपणांना भोकं पाडा, नाहीतर पावसाळ्यात आत बुरशी येते. जून ते सप्टेंबर तेल देऊ नका, पाइपमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा आणि रंग बदलला की बदला. फेब्रुवारी ते मे महिन्यातून एकदा पाच-सहा थेंब तेल द्या आणि त्याच वेळी दोऱ्याचे पट्टे ढकलून बघा. कोरड्या हवेत बांबू आकसला की पट्टा सैल होतो आणि त्याच फटीतून जुना तडा पुढे सरकतो.

खानापूरकडून अथणीला किंवा चोर्ला घाट उतरून गोव्याला कार्यक्रमाला जाताना बासरी गाडीच्या डिकीत टाकू नका. पोचल्यावर अर्धा तास पिशवीतच राहू द्या, मग वाजवा.

तडा पुन्हा उघडला तर जुन्या गोंदावर नवा गोंद चढवत बसू नका. पट्टे कापा, जुना गोंद ब्लेडच्या टोकाने खरवडा आणि पायरी ४ पासून सुरू करा. मिरज जवळ म्हणून तिथल्या तंतुवाद्याच्या कारागिराकडे न्यायचा मोह होतो, पण त्यांचं काम भोपळा, लाकूड आणि तारांचं. बांबूच्या तड्यासाठी बासरीच करणारा माणूस शोधा, आणि त्याच्याकडे नेण्याआधी किमान महिनाभर तेल बंद ठेवा.